एफईला रुळणे: प्रश्न विद्यार्थ्याचा की वेळापत्रकाचा?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे एफईचे, एक-दोन विषय राहिले तरी विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला जातो. तिसऱ्याच्या दारात मात्र पहिल्या वर्षाचा प्रत्येक विषय सुटलेला लागतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत हा नियम या ना त्या रूपात आहे. त्यामुळे एम-वनची (पहिल्या सत्रातल्या गणिताची) किंवा मेकॅनिक्सची केटी, म्हणजे राहिलेला विषय, दोन वर्षे दबून राहते आणि एके दिवशी वायडी, म्हणजे इयर डाउन, होऊन वर येते. 'कॅरी ऑन द्या', म्हणजे विषय राहिले तरी पुढे जाऊ द्या, म्हणून विद्यापीठाच्या आवारात बसणारी मुले तिसऱ्या वर्षाचा प्रवेश मागत असतात, पण त्यांचे भांडण खरे तर पहिल्या वर्षाशी असते. पहिल्या वर्षाला विद्यार्थी नीट का रुळत नाहीत, हा प्रश्न म्हणूनच केवळ सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या घरच्या ओढीचा नाही. त्याची उत्तरे चार दिशांनी दिली जातात: पूर्वतयारी कच्ची, भाषा परकी, माणसे परकी, किंवा शिकवणेच चुकीचे. या चारही बाजूंत तथ्य आहे. पण त्या जिथे एकमेकींना छेदतात ते ठिकाण चर्चेत क्वचित येते. आपले चुकते आहे ही बातमी विद्यार्थ्याला कधी कळते, हे ते ठिकाण.

पार्श्वभूमी

पुण्याचे आजचे सीओईपी १८५४ मध्ये सुरू झाले, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ मध्ये. त्यानंतर कितीतरी दशके अभियांत्रिकीला येणारा विद्यार्थी आधी महाविद्यालयात इंटर सायन्स करून येत असे. म्हणजे महाविद्यालय म्हणजे काय, तास कसे असतात, टिपणे कशी घ्यायची, हे तो अभियांत्रिकीच्या बाहेरच शिकलेला असे. आयआयटींमध्येही १९८०च्या आसपासपर्यंत बी.टेक. पाच वर्षांचे होते आणि सुरुवातीचा काळ बराचसा मूलभूत विज्ञानासाठी राखलेला होता. दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, पदवी चार वर्षांची झाली आणि ही सैल जागा संपली. आता बारावीच्या पेपरनंतर काही महिन्यांतच विद्यार्थी थेट एफईच्या वर्गात बसतो. मधल्या काळात तो फक्त प्रवेशपरीक्षा आणि पसंतीक्रमाचे फॉर्म यांत गुंतलेला असतो.

दुसरा बदल संख्येचा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत महाविद्यालये उभी राहिली. घरातली पहिली पदवी घेणारी हजारो मुले या शिक्षणात आली, हे या धोरणाचे मोठे देणे. पण एफईचा अभ्यासक्रम मात्र मूठभर निवडक विद्यार्थ्यांना गृहीत धरून बेतलेला होता आणि साचा तोच राहिला. तिसरा बदल प्रवेशाचा. राज्याची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी बाजूला ठेवून जेईई मेनवर प्रवेश दिले गेले, २०१६ मध्ये सीईटी परतली, २०१९ पासून ती संगणकावर आणि पर्सेंटाइलच्या हिशोबात गेली. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या, त्यात मिळालेली जागा पक्की करणे (फ्रीझ) किंवा आणखी चांगल्या जागेची वाट पाहणे (बेटरमेंट), मग इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा, असे करत पहिल्या वर्षाचा शेवटचा विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा पहिल्या फेरीतल्याचे एखादे युनिट होऊन गेलेले असते. २०२० मध्ये करोनामुळे सीईटीच ऑक्टोबरात झाली आणि सगळे गणित आणखी पुढे सरकले. तो अपवाद होता. पण उशिरा सुरू होणारे आणि वेळेवर संपवावे लागणारे पहिले सत्र हा अपवाद नाही.

पूर्वतयारीची बाजू

सर्वांत जुने आणि सर्वांत लोकप्रिय उत्तर असे की मुले कच्ची येतात. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन गुणांचे, चार पर्यायांतून एक निवडायचा, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या परीक्षेची तयारी बहुतेक मुले इंटिग्रेटेड क्लासमध्ये करतात. तिथे कनिष्ठ महाविद्यालय नावापुरते असते आणि प्रयोगशाळा त्याहून नावापुरती. उत्तर ओळखायची सवय लागलेल्या मुलाला एफईत पानभर उत्तर मांडायचे असते. एम-वनच्या पेपरात शेवटचा आकडा बरोबर येण्याइतकेच मधल्या पायऱ्यांना महत्त्व असते आणि मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम न काढता सोडवलेले गणित बहुधा चुकतेच.

या मांडणीत वजन आहे, पण ती सगळे समजावत नाही. इंजिनिअरिंग ग्राफिक्स हे याचे स्वच्छ उदाहरण. विज्ञान शाखेच्या बहुसंख्य मुलांनी बारावीपर्यंत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन हे शब्दही ऐकलेले नसतात, त्यामुळे इथे हुशार आणि कच्चा दोघेही शून्यावरून सुरुवात करतात. तरीही काही आठवड्यांत वर्ग दोन भागांत फुटतो. एकाला वस्तू डोळ्यांसमोर फिरवता येते, दुसऱ्याला समोरचे दृश्य आणि वरचे दृश्य यांचा मेळ लागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९०च्या दशकापासून यावर काम केले. प्रवेशाच्या वेळीच अवकाश-आकलनाची छोटी चाचणी घ्यायची, कमी गुण पडलेल्यांना, ज्यांत मुलींचे प्रमाण जास्त असे, एक लहानसा अभ्यासक्रम द्यायचा. ही क्षमता जन्मजात ठरलेली नसते, सरावाने वाढते आणि त्याचा फायदा पुढच्या विषयांतही दिसतो, असे त्यांना आढळले. अडचण पहिल्या आठवड्यात सापडली तर ती सुटण्याजोगी असते, हा त्यातला आपल्याला लागू पडणारा भाग.

आपल्याकडे याच विषयात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहाच्या खोलीत टेबलावरची काच उचलून दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली जाते, खाली बल्ब, काचेवर सीनियरची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर कोरी शीट टेपने चिकटवलेली. रेषा खालून उमटतात आणि वरून पेन्सिल फिरते. याला जीटी मारणे म्हणतात, ग्लास ट्रेसिंगचे लघुरूप. शीट नीटनेटकी होते, सही मिळते, टर्मवर्कचे गुण पडतात. ज्या मुलाला प्रोजेक्शन कळलेच नाही त्याची आणि ज्याला उत्तम कळले त्याची शीट शिक्षकाच्या टेबलावर सारखीच दिसते. त्याला कळलेले नाही ही गोष्ट शिक्षकाला, आणि बऱ्याच वेळा त्यालाही, सत्राच्या लेखी पेपरापर्यंत समजत नाही. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेल्या प्रयोगाच्या रीडिंग्जचे तेच, आणि आता एआयकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रामचेही.

भाषेची बाजू

दुसरी बाजू भाषेची. महाराष्ट्रातला प्रश्न थोडा वाकडा आहे, कारण अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतच असते आणि सेमी-इंग्रजीमुळे कितीतरी मराठी शाळांत गणित-विज्ञान आधीपासून इंग्रजीत शिकवले जाते. म्हणजे संज्ञा परक्या नसतात. अडते ते सलग वाचनात, स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात आणि सर्वांत जास्त ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत. 'हा फोर्स इथे ॲक्ट होतो, म्हणून मोमेंट घ्यायची' अशा मिश्र भाषेत शिक्षक शिकवतो आणि मूल समजून घेते. मग बाहेरून आलेला परीक्षक इंग्रजीत विचारतो आणि कळलेलेही सांगता येत नाही.

२०२१ मध्ये तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी पदवी शिकवायला परवानगी दिली आणि पुण्यातल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने मराठीतून संगणक अभियांत्रिकीची साठ जागांची तुकडी सुरू केली. पहिल्या वर्षाची पुस्तकेही मराठीत आली. समर्थकांचे म्हणणे, संकल्पना आपल्या भाषेत पक्की झाली की इंग्रजी नंतर येते. विरोधकांचे म्हणणे, कंपन्यांच्या मुलाखती, संदर्भग्रंथ आणि परदेशी शिक्षण इंग्रजीतच राहणार, मग चार वर्षांनी हाच खड्डा अधिक खोल होऊन समोर येईल. दोघांचेही खरे असू शकते, कारण ते वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत आहेत. पहिले पहिल्या सत्राबद्दल, दुसरे आठव्या सत्राबद्दल. आज प्रत्यक्षात चालणारी मिश्र भाषा उघडपणे मान्य करून पहिल्या वर्षाच्या चाचण्या आणि तोंडी परीक्षा दोन्ही भाषांत घेण्याची मधली वाट त्यामुळे अधिक विचार करण्याजोगी आहे. तिच्यामागे ना चळवळ आहे ना परिपत्रक.

माणसांची बाजू

तिसरे उत्तर समाजशास्त्राकडून येते. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेले प्रतिमान या क्षेत्रात अजूनही पायाभूत मानले जाते. विद्यार्थी संस्थेत टिकतो तो तिथल्या अभ्यासाशी आणि माणसांशी, दोन्हींशी जोडला गेला तर. या मांडणीवर विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप आपल्याकडे फार नेमका लागू होतो. 'जोडले जाणे' म्हणजे आधीचे जग सोडून संस्थेच्या बहुसंख्याकांसारखे होणे असेल, तर त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. गडचिरोलीहून पुण्याला आलेली आदिवासी मुलगी आणि कोथरूडहून स्कूटीवर येणारी तिची वर्गमैत्रीण, दोघींना 'मिसळा' असा एकच सल्ला देणे सोपे असते.

धोरणाच्या पातळीवर इथे बरेच झाले आहे. रॅगिंगबंदीचा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला, राघवन समितीनंतर २००९ मध्ये यूजीसीचे नियम आले. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सूचना केली की एकमेकांची जेईईची रँक विचारू नये, कारण रँकवरून जातीचा प्रवर्ग ताडला जातो. इतकी साधी वाटणारी चौकशी काय काम करते हे एका संस्थेने लेखी मान्य करणे ही मोठी गोष्ट. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थी आत्महत्यांवर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. पहिले वर्ष हा केवळ निकालाचा विषय नाही, हे न्यायालयापर्यंत पोहोचले आहे.

या बाजूत एक आरोप नेहमी डोकावतो: राखीव जागांवर आलेल्यांना अभ्यास झेपत नाही, म्हणून ते मागे पडतात. याची तपासणी झाली आहे. सुरेंद्रकुमार बागडे, डेनिस एपल आणि लोवेल टेलर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालये होती. आरक्षणामुळे लाभार्थी अधिक चांगल्या संस्थांत पोहोचले आणि त्यांना न झेपणाऱ्या ठिकाणी टाकल्याने त्यांचे नुकसान झाले, असा पुरावा मिळाला नाही. अर्थात, निकालाच्या आकड्यांत न उतरणारा अपमान या पद्धतीने मोजता येत नाही.

अध्यापनाची बाजू

चौथी बाजू बोट संस्थेकडे वळवते. एफईला शिकवणारे बहुधा 'अप्लाइड सायन्स' किंवा 'फर्स्ट इयर' नावाच्या वेगळ्या विभागात असतात, त्यातले बरेच तासिका तत्त्वावर. ज्या शाखेसाठी पोराने जिवाचे रान केले त्या शाखेचा प्राध्यापक त्याला वर्षभर भेटतच नाही. संगणकाच्या जागा झपाट्याने वाढल्या आहेत आणि त्या मुलांना वर्कशॉपमध्ये कानस घासत फिटिंगचा जॉब करताना 'हे कशासाठी' असे वाटणे स्वाभाविक आहे. सगळ्या शाखांना समान पहिले वर्ष हवे की पहिल्या दिवसापासून शाखेचे विषय, यावर दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत. समान वर्षाने शाखाबदलाला वाव राहतो. मात्र त्याच शाखाबदलासाठी पहिल्या वर्षात जी जीवघेणी चढाओढ लागते तिच्यामुळे अलीकडे काही आयआयटींनी ती सोयच बंद केली.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल पुरावा अधिक ठाम आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, विद्यार्थ्यांना तासातच काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. आणि अमेरिकेत एलेन सीमोर व नॅन्सी ह्युइट यांनी १९९७ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवले की विज्ञान-अभियांत्रिकी सोडून जाणारे आणि टिकून राहणारे यांच्या क्षमतेत मोठा फरक नव्हता. वाईट शिकवण्याची तक्रार दोघांचीही होती. 'कच्चे गळतात, पक्के राहतात. इंजिनिअरला थोडी होरपळ हवीच' या आपल्याकडच्या आवडत्या युक्तिवादाला हे मोठे खिंडार आहे. होरपळ निवड करते, हे मान्य. ती योग्य माणसांची निवड करते, हे कुणी दाखवलेले नाही.

बातमी वेळेवर

या चारही बाजूंना उत्तर म्हणून एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. आयआयटी बीएचयूमधल्या प्रयोगावरून तो घेतला आणि २०१८च्या मॉडेल अभ्यासक्रमात बसवला. योग, कला, मानवी मूल्ये, मेंटॉरशी ओळख, परिसराची माहिती असे त्याचे स्वरूप. कल्पना चांगली आहे. पण उशिरा सुरू झालेल्या सत्रात तीन आठवडे काढायचे कुठून, म्हणून तो कित्येक ठिकाणी काही दिवसांच्या भाषणांवर येतो, आणि ज्याला त्याची गरज सर्वाधिक, त्या शेवटच्या फेरीतल्या मुलाने तो पाहिलेलाही नसतो. शिवाय तो अभ्यास सुरू होण्याआधी संपतो. अडचण येते पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

बर्कलीतल्या यूरी ट्राइसमन यांचे १९७०च्या दशकातले काम इथे मार्गदर्शक ठरते. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल सहकाऱ्यांची ठरलेली उत्तरे होती: इच्छा नाही, पाया नाही, घरचा आधार नाही. ट्राइसमन यांनी मुले प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते पाहिले. ती भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत, त्यामुळे चूक त्याच रात्री उघडी पडे. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ती परीक्षेत कळे. ट्राइसमन यांनी सोप्या गणितांची उपचारात्मक शिकवणी न लावता अवघड गणितांवर गटाने बसण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल उलटले. पूर्वतयारी, भाषा, आपलेपणा, अध्यापन हे चारही धागे इथे एका गाठीत येतात. मिश्र भाषेत मित्राला विचारता येते, विचारताना ओळख होते, आणि न कळलेले लवकर कळते.

यावर तीन आक्षेप संभवतात. ट्राइसमनच्या कार्यशाळेत मुले स्वेच्छेने आली होती, म्हणजे मुळात धडपडी असावीत. आक्षेप योग्य आहे, आणि परक्या देशातला निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही. दुसरा, आपल्याकडे चाचण्या काय कमी आहेत? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये तीस गुणांची इन-सेम, म्हणजे सत्राच्या मध्यावरची परीक्षा, होतीच. पण तिचे गुण अंतिम निकालात जात, म्हणून विद्यार्थी ती गुण वाचवण्यासाठी देत असे, स्वतःला तपासण्यासाठी नाही. गुण न मोजता केवळ चूक दाखवणारी तिसऱ्या आठवड्यातली वीस मिनिटांची चाचणी ही निराळी गोष्ट आहे. तिसरा आक्षेप सर्वांत जड: तपासणार कोण? वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचे प्रमाण कागदावर गाठले तरी तीन-तीन डिव्हिजन घेणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडून दर पंधरवड्याला दोनशे उत्तरे तपासण्याची अपेक्षा पोकळ आहे. सीनियर विद्यार्थ्यांना मानधन देऊन गट चालवायला लावणे हा उपाय बर्कलीसारख्या ठिकाणी चालला. आपल्याकडे सीनियर आणि एफई यांना एकत्र बसवताना रॅगिंगची धास्ती आड येते, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

जे सुटलेले नाही

प्रशांत लोयालका आणि सहकाऱ्यांच्या २०२१च्या चार देशांच्या अभ्यासात भारतीय संगणक आणि इलेक्ट्रिकल शाखांच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दोन वर्षांत गणित-विज्ञानाच्या कौशल्यांत प्रगती केलेली दिसली. चिकित्सक विचारात मात्र चार वर्षांतही नाही. म्हणजे पहिले वर्ष सरसकट वाया जाते असे म्हणता येत नाही. पण ती सरासरी आहे. सेमी-इंग्रजीतून आलेला, शेवटच्या फेरीत आलेला, वसतिगृहात राहणारा आणि रोज दोन तास एसटीने येणारा, यांचे निकाल वेगवेगळे मांडल्याशिवाय कोणती बाजू कुणाला किती लागू पडते हे ठरणार नाही. ही माहिती प्रवेशाच्या अर्जात आधीच भरलेली असते.

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या डिप्लोमाधारकांकडेही या चर्चेत कुणी फारसे पाहत नाही. त्यांनी एफई केलेलेच नसते. ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये ते सरस असतात आणि एम-थ्रीला येऊन धडकतात. पहिल्या वर्षातले नेमके काय पुढे लागते आणि काय लागत नाही, हे तपासायला याहून चांगला तुलनेचा गट मिळणार नाही.

वेळापत्रकाचा गुंता तर तीन ठिकाणी वाटलेला आहे. प्रवेशाच्या तारखा सीईटी सेलच्या हाती, सत्राच्या विद्यापीठाच्या, इंडक्शनची अट एआयसीटीईची. नव्या शैक्षणिक धोरणाने स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रमाची मोकळीक वाढवली, पण पहिल्या सत्राची सुरुवात त्यांच्याही हाती नाही. परिणामी पहिल्या सत्राचा निकाल लागतो तेव्हा दुसरे सत्र बरेच पुढे गेलेले असते. एम-वन राहिल्याचे कळते त्या दिवशी फळ्यावर एम-टूची डिफरन्शिअल इक्वेशन्स चालू असतात, आणि त्या मुलाने आता कोणत्या तासाला बसायचे याची सोय वेळापत्रकात नसते.